मेंदी म्हणावी की हदस? पवित्र शास्त्रातील एका झुडपाची गोष्ट



घरगुती प्रार्थनासभा संपली, चहा आला, की देशपांडे नगरातील आमच्या मंडळीत शास्त्रातील झाडापानांचा विषय हमखास निघतो. शास्त्रात अमुक झाड आहे, तर त्याचा काढा घ्यावा का? त्याचे तेल चोळावे का? अलीकडे मोबाईलवर ‘बायबलमधील औषधे’ अशा मथळ्याचे संदेश फिरू लागल्यापासून हे प्रश्न वाढले आहेत. त्यांत मेंदीचे नाव वरचेवर येते. यशया, जखऱ्या व नहेम्या या पुस्तकांत मेंदीचा उल्लेख आहे, तेव्हा मेंदीचा पाला म्हणजे देवाने सांगितलेले औषध, असे काही जण मानतात. म्हणून या वेळी आम्ही त्या झुडपाचा इतिहास आपल्यापुढे ठेवत आहोत. तो समजला तर वचन अधिक उलगडते, आणि घरातील लेकरांच्या जिवाची काळजीही नीट घेता येते.

शास्त्रातील झुडूप कोणते?

मूळ हिब्रू भाषेत या झुडपाचे नाव ‘हदस’ असे आहे. इंग्रजीत त्याला मर्टल म्हणतात. मराठी भाषांतरांत ते आपल्याला मेंदी म्हणून भेटते. परंतु आपण हातावर रंगवतो ती मेंदी वेगळी. तिचे हिब्रू नाव ‘कोफेर’. गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायात एन-गेदीच्या द्राक्षमळ्यांतील ज्या फुलांच्या गुच्छाचा उल्लेख आहे, ती ही खरी मेंदी. म्हणजे दोन्ही झाडे शास्त्रात आहेत, पण त्यांची हिब्रू नावे वेगळी आणि कुळेही वेगळी. हातावरची मेंदी वनस्पतिशास्त्राप्रमाणे डाळिंबाच्या नात्यातली आहे. हदस मात्र जांभळाच्या नात्यातला.

हदस हे भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातील सदाहरित झुडूप. गालील व कर्मेल डोंगराच्या भागात ते आजही आढळते. साधारण माणसाच्या उंचीचे, कधी त्याहून थोडे मोठे. पाने लहान, टोकदार आणि चकचकीत. फुले पांढरी, पाच पाकळ्यांची, मधोमध पुंकेसरांचा झुबका असलेली. त्यानंतर निळसर काळी, वाटाण्याएवढी फळे धरतात. पान उजेडासमोर धरले तर त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांत सुगंधी तेल साठलेले असते. पान चुरगळले की वास दरवळतो.

हे वर्णन वाचून काही आठवले का? पेरूचे पान चुरगळून पाहा. निलगिरीचे पान पाहा. जांभळाचे फूल पाहा. ही सगळी एकाच कुळातली भावंडे आहेत, आणि त्या कुळाला शास्त्रीय नाव या मर्टलवरूनच मिळाले आहे. स्वयंपाकघरातील लवंगसुद्धा याच कुळातली. धारवाडचा पेरू तर आपल्या सगळ्यांच्या जिभेवरचा. मूळ हदस आपल्या अंगणात नसला, तरी त्याचे सोयरे आपल्या घरोघरी आहेत.

हदसाची मेंदी कशी झाली?

हे कोडे सुटण्यासाठी मराठी बायबलच्या इतिहासाकडे वळावे लागते. विल्यम कॅरी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठी नवा करार तयार केला. तो १८११ साली छापून निघाला. पुढे मुंबईत बायबल सोसायटीच्या आश्रयाखाली अनेक हातांनी ते काम सुधारत नेले. बेळगावात १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी हे आपल्या सीमाभागाने मराठी ख्रिस्ती साहित्याला दिलेले मोठे लेखक. सध्याच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केडगावच्या मुक्तिसदनात संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या आणि त्यांचे भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

या सर्वांपुढे एक अडचण सारखीच होती. आपल्या वाचकाने कधी न पाहिलेल्या झाडाला नाव काय द्यावे? हिब्रू शब्द तसाच ठेवला तर शेतकरी वाचकाला काहीच बोध होत नाही. जवळचे नाव दिले तर बोध होतो, पण झाड बदलते. हदसाच्या बाबतीत जवळचे नाव बाजारात तयार होते. हिंदुस्थानातील औषधी बाजारात या परदेशी झुडपाला ‘विलायती मेंदी’ म्हणत. हे नाव जुन्या औषधी ग्रंथांतून नोंदलेले आहे. त्यामागचे साम्य सहज दिसण्यासारखे आहे. दोन्ही झुडपांची पाने लहान व समोरासमोर, दोन्हींची फुले सुवासिक, दोन्ही कुंपणाला लावून कातरता येतात.

आणखी एक साम्य आहे, ते मनाला अधिक भिडते. आपल्याकडे लग्न म्हटले की मेंदी आली. प्राचीन यहूदी लोकांत लग्न म्हटले की हदस येई. नवरीपुढे हदसाच्या डहाळ्या हातात घेऊन नाचणाऱ्या एका धर्मगुरूची आठवण तालमुदात जपलेली आहे. एस्तेर राणीचे यहूदी नाव हदस्सा होते, तेही याच झुडपावरून आले, असे मानतात. तेव्हा ‘मेंदी’ या शब्दाने झाड चुकले, तरी आनंदाचा सूर हरवला नाही. भाषांतरकारांच्या या शब्दाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी आपल्या आजी-आजोबांना कळेल अशा शब्दात वचन दिले. आपण त्यापुढचे एक पाऊल टाकून मूळ झुडूप ओळखावे, एवढेच.

कोकणातील साक्षीदार

मराठी बोलणाऱ्यांतच एक समाज असा आहे, ज्याच्या पूर्वजांच्या धर्मात हदसाला मानाचे स्थान आहे. तो म्हणजे अलिबाग-रेवदंड्याकडील बेने इस्राएल समाज. गलबत फुटून आपले पूर्वज कोकण किनाऱ्याला लागले, ही त्यांची परंपरा. तेलाच्या घाण्यावर काम करणारे आणि शनिवारी विसावा पाळणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. १७९६ साली त्यांनी मुंबईत आपले पहिले सभास्थान उभारले. घरात मराठी, प्रार्थनेत हिब्रू, अशी त्यांची रीत.

मांडवांच्या सणात यहूदी लोक ताडाची झावळी, वाळुंजाच्या डहाळ्या आणि लिंबाच्या जातीचे एक फळ यांच्यासोबत हदसाच्या तीन डहाळ्या हातात धरतात. लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात दाट पानांच्या झाडाच्या डहाळ्या घेण्याची आज्ञा आहे. ते झाड म्हणजे हदस, असा त्यांच्या शास्त्र्यांचा निर्णय. बेने इस्राएलांचा स्वतःचा असा एक विधी आहे, मलिदा. एलीया संदेष्ट्याचे स्मरण करून पोहे, साखर, खोबरे व फळे यांचे ताट मांडतात. फळांवर जसा आशीर्वाद म्हणतात, तसाच सुवासिक डहाळीवरही म्हणतात.

येथे नावांचा एक सुंदर प्रवास दिसतो. अरबी भाषेतील ‘रेहान’ हा शब्द आपल्या बाजारात सब्जाच्या रोपासाठी आहे. सब्जाच्या बियांना हकीम ‘तुख्म-ए-रेहान’ म्हणतात. उत्तर आफ्रिकेत मात्र तोच शब्द मर्टलसाठी वापरतात. वास घेऊन देवाचे आभार मानायचे, मग डहाळी त्या मातीत जी उगवते ती, असे या प्रवासातून जाणवते.

वैद्य, हकीम आणि औषध

आता औषधाकडे येऊ. मर्टलच्या औषधी उपयोगाची एक प्राचीन व सविस्तर नोंद डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याची आहे. तो पहिल्या शतकातला, किलिकिया प्रांतातील अनाझार्बस गावचा. प्रेषित पौलाचे तार्सस याच प्रांतात. पौल मंडळ्यांना पत्रे लिहीत होता, त्याच सुमाराच्या पिढीत त्याच्याच प्रांतातला हा वैद्य झाडापाल्याची माहिती जमवत होता. थुंकीतून रक्त पडणाऱ्यांना मर्टलची फळे द्यावीत, रस पोटाला चांगला, काढा केसांना रंग देतो, वाइनमध्ये शिजवून जखमेवर लेप लावावा, अशा गोष्टी त्याने लिहून ठेवल्या आहेत.

ग्रीकांची ही विद्या अरबीत गेली. इब्न सीना (९८०–१०३७) यांच्यासारख्या हकिमांनी ती वाढवली आणि युनानी वैद्यकाबरोबर ती दख्खनला आली. युनानीत मर्टलला ‘आस’ आणि त्याच्या वाळलेल्या फळांना ‘हब्बुल आस’ म्हणतात. जुलाब, रक्तस्राव, हिरड्यांची दुखणी, खोकला आणि केसगळती यांवर तो दिला जाई. या यादीमागे एक कारण आहे. फळापानांत तुरट द्रव्य म्हणजे टॅनिन असते. तुरट द्रव्य ऊतींना आकसते, म्हणून वाहणे थांबावे अशा ठिकाणी त्याचा उपयोग करत. तोंड आले तर पेरूची कोवळी पाने चावा, हिरड्यांना जांभळाच्या सालीच्या काढ्याने गुळण्या करा, हे आपल्या आज्या सांगत आल्या. कुळ एक, तुरटपणा एक, म्हणून उपायही सारखे.

दुसरा गुण पानातील तेलाचा. त्यात सिनेओल नावाचा घटक असतो. निलगिरी तेलाचाही तोच मुख्य घटक. सर्दी झाली की आपण रुमालावर निलगिरीचे दोन थेंब टाकतो, तोच हा वास. जर्मनीत निलगिरी, संत्रे, लिंबू व मर्टल यांच्या तेलांपासून केलेल्या कॅप्सूल श्वासनलिकेच्या दाहावर आजही वापरतात. म्हणजे जुन्या वैद्यांचे निरीक्षण पोकळ नव्हते.

पण शास्त्र काय म्हणते?

येथे थोडे थांबावे. डायोस्कोरिडीसने मर्टलला औषध म्हटले, हकिमांनी म्हटले. पवित्र शास्त्राने मात्र एकाही ठिकाणी हदसाला औषध म्हटलेले नाही. शास्त्रात उपचार नाहीत असे नाही. हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावला गेला. चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले. गिलादाच्या मलमाबद्दल यिर्मयाने विचारले. हदसाच्या बाबतीत असा एक शब्दही नाही. तो तेथे चिन्ह म्हणून उभा आहे.

हा फरक नुसता अभ्यासकांसाठी नाही. शास्त्रात मेंदी आहे असे समजून कोणी तान्ह्या बाळाच्या अंगाला मेंदीचा लेप लावला किंवा मुलाला पाल्याचा रस पाजला, तर गंभीर इजा होऊ शकते. काही मुलांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचे विकर जन्मतः कमी असते. अशा बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी मेंदीमुळे फुटतात, कावीळ वाढते, जिवावरही बेतते. डॉक्टरांनी अशा घटना नोंदवल्या आहेत. निलगिरी किंवा मर्टलचे तेलही पोटात घेण्याची वस्तू नाही. लहान मुलाने थोडे जरी गिळले तरी झटके येऊ शकतात. तेव्हा शास्त्रातील नावावर विसंबून घरी प्रयोग करू नयेत, ही आमची कळकळीची विनंती.

आणि यात विश्वासाची कमतरता नाही. आपल्या भागातील मंडळ्यांचा वारसाच तसा आहे. बासेल मिशनचे सेवक १८३७ साली धारवाडला व १८३९ साली हुबळीला आले. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले आणि दूरदूरचे रुग्ण त्या दारी जाऊ लागले. त्या परंपरेत प्रार्थना आणि तपासलेले औषध यांत भांडण नव्हते. ग्रीक वैद्य असो, मुसलमान हकीम असो की आपल्या गावातील आजी, ज्याने निरखून काही चांगले शोधले ते देवाच्या सामान्य कृपेचेच दान आहे. त्यासाठी शास्त्राच्या तोंडी नसलेले शब्द घालण्याची गरज नाही.

खोलगट जागेतील झुडपे

मग हदस कशाचे चिन्ह आहे? जखऱ्याचा पहिला अध्याय उघडा. साल इ.स.पू. ५१९. बाबेलहून परतलेले थोडे लोक यरुशलेमेत आहेत. मंदिराचे बांधकाम नुकतेच पुन्हा सुरू झाले आहे. तट पडलेले आहेत. रात्री संदेष्ट्याला दर्शन होते. तांबड्या घोड्यावर बसलेला एक पुरुष हदसाच्या झुडपांमध्ये उभा आहे, आणि ती झुडपे खोलगट जागी आहेत.

लबानोनाचे गंधसरू उंच डोंगरावर असतात. राजवाडे त्यांच्याच लाकडाचे बांधतात. दर्शनात मात्र देवाचा दूत गंधसरूंच्या रांगेत उभा नाही. तो ओढ्याकाठच्या, सखल जागेतल्या झुडपांत उभा आहे. खचलेल्या, संख्येने लहान, कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या लोकांमध्ये देव येऊन थांबला आहे. तेथूनच तो दूत यरुशलेमेसाठी दयेची विनंती करतो, आणि तेथेच त्याला सांत्वनाचे उत्तर मिळते. चार वर्षांच्या आतबाहेर मंदिर पुरे झाले.

यशयाच्या पंचावन्नाव्या अध्यायातही हाच सूर आहे. काटेरी झुडपाच्या जागी हदस उगवेल, असे अभिवचन तेथे आहे. हुबळी-धारवाडच्या पडीक रानात वेडी बाभूळ कशी माजते ते आपण पाहतो. एकदा पसरली की दुसरे काही उगवू देत नाही. त्याच जमिनीत बारा महिने हिरवे राहणारे, चुरगळले तरी सुवास देणारे झुडूप यावे, असे ते चित्र आहे. पुढे नहेम्याच्या दिवसांत, इ.स.पू. ४४५ च्या सुमारास, लोक डोंगरावर जाऊन याच झुडपाच्या डहाळ्या घेऊन आले, त्यांचे मांडव घातले आणि फार मोठा आनंद झाला. यशयात जो शब्द होता, तो नहेम्याच्या काळी लोकांच्या हातात आला.

यहूदी गुरूंची मांडवांच्या सणाबद्दल एक शिकवण आहे. चार वनस्पतींपैकी एकीला चव व वास दोन्ही आहेत, एकीला फक्त चव आहे, एकीला दोन्ही नाहीत. हदसाला वास आहे, पण चव नाही. ज्याच्याजवळ शास्त्राचे मोठे ज्ञान नाही पण सत्कृत्ये आहेत, असा तो माणूस. आणि चारही एकत्र बांधल्याशिवाय सणाची जुडी पुरी होत नाही. आपल्या मंडळीत अशी हदसासारखी माणसे आहेत. ती व्यासपीठावर येत नाहीत. उपासनेआधी सतरंज्या घालतात, आजाऱ्याच्या घरी डबा पोहोचवतात, दफनभूमीत सर्वांत शेवटपर्यंत थांबतात. त्यांच्यावाचून मंडळीची जुडी बांधली जात नाही.

या आठवड्यात आपण कुटुंबासह जखऱ्या १, यशया ५५ व नहेम्या ८ हे तीन अध्याय वाचावेत, अशी विनंती. मुलांच्या हाती पेरूचे किंवा निलगिरीचे एक पान द्यावे, ते उजेडासमोर धरून ठिपके दाखवावेत, मग चुरगळून वास घ्यायला सांगावे. शास्त्रातील मेंदी या पानाची बहीण आहे, हातावरच्या मेंदीची नाही, हे त्यांना कायमचे लक्षात राहील.

हे प्रभू, आमच्या सखल जागी तू येऊन उभा राहतोस, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. आमच्यातील काटे काढून तेथे तुझे हिरवेपण लाव. जे आजारी आहेत त्यांना बरे कर, आणि त्यांची सेवा करणाऱ्या डॉक्टर व परिचारिकांना शहाणपण दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.